नवस कुणाचा

बिराप्पाच्या नावानं कंदुरी, म्हणजे नवसाच्या बोकडाचं जेवण, ठरली, आणि ती बिराप्पालाच शेवटी कळली.

कळंबजवळच्या माळावर त्याची मेंढरं. पाण्याला तो रणधीररावांच्या शेततळ्यावर जायचा. रणधीररावांचा खडीचा क्रशर, रस्त्यांचे ठेके. त्यांचा मुकादम गोरोबा निवडणुकीच्या तोंडावर बोकडं विकत घ्यायला आला, तेव्हा बिराप्पानं चांगली निवडून दिली. कशाला ते विचारलं नाही.

कंदुरीच्या दिवशी सकाळी म्हसोबाच्या लिंबाखाली चुली पेटल्या. गोरोबानं त्याला बाजूला घेतलं.

"बिराप्पा, निवडणुकीच्या पथकानं इचारलं तर नवस तुमचा. सुनंला दिवस गेलेत न्हवं? त्येच्यासाठी."

"माजा? आन् खर्च कुणाचा?"

"कागदावर तुमचाच की. कृष्णराजांच्या प्रचाराचं जेवण म्हनलं की हिशेबात धरत्यात, देणाराचं नाव मागत्यात."

"मग रणधीररावांचं सांगा."

गोरोबा हसला. "उद्या कृष्णराज निवडून आले, रावांना ठेका मिळाला, की लोक बोट दाखवतील. तुमाला कोण इचारतंय? मेंढरामागचं मानूस तुमी."

बिराप्पाच्या सुनेचं, वर्षाराणीचं, पहिलं पोट वाया गेलं होतं. ह्या खेपेला नवस बोलायचीही त्याला भीती वाटत होती. आणि हे पांढऱ्या कपड्यांतले लोक तिच्या पोटाआड लपायला निघाले होते.

पंगत बसली. पहिल्या रांगेत हात जोडून उमेदवार कृष्णराज. खर्च तपासणारं पथकही कॅमेरा घेऊन आलं.

"कार्यक्रम कुणाचा?" पथकाच्या साहेबांनी विचारलं.

"ह्यांच्या नवसाची कंदुरी," गोरोबानं बिराप्पाला पुढं ढकललं. वाढण्याआधी नवसकऱ्यानं आपला नवस मोठ्यानं सांगायचा, ही तिथली रीत. "सांगा, पावनं खोळंबलेत."

बिराप्पानं डोईचा पटका सारखा केला.

"बाबांनो, नवस माजा न्हाय. म्या बोकडं इकली. घेतली रणधीररावांनी, कृष्णराजांच्या मतांसाठी. माज्या सुनंच्या नावानं कुणी घास घिऊ नगा. ज्येचं खाताय त्येचं नाव घ्या."

कृष्णराजांचे जोडलेले हात खाली आले.

"लेखी देता का?" साहेबांनी विचारलं.

"लिवता येत न्हाय. तुमी लिवा, अंगठा देतो."

साहेबांनी कॅमेरावाल्याकडं बघितलं. कॅमेरा खाली गेला. लिहिलं कुणीच नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, रस्सा आणा की! निवल्यावर देता का?"

लोक हसले. वाढणी सुरू झाली. एकही माणूस पत्रावळीवरून उठला नाही.

संध्याकाळी मेंढरं पाण्यावर गेली, तर शेततळ्याच्या वाटेवर काटेरी तार. पलीकडं गोरोबा खुर्ची टाकून बसलेला.

बिराप्पानं कळप परंड्याच्या अंगाला वळवला. बायको नागूबाई घोड्यावर बिऱ्हाड लादत कुरकुरली.

"गप बसला असता तर पानी तरी ऱ्हायलं असतं."

"व्हय. आन् पोरीच्या माथी खोटा नवस."

नागूबाईनं दोर कचकन आवळला. "वाटंत पानी कुठं हाय?"

"ठावं न्हाय," बिराप्पा म्हणाला. "चला."