बावटा लागलाय, बाय

"भालूदादा गेला. चौकातल्या सिग्नलवर, टँकरखाली..." सकाळच्या पाळीत पॅकिंगच्या हॉलमध्ये येऊन सुपरवायझरनं हे सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "सिग्नल लाल होता ना?" तो गोंधळला. "लालच होता. दादा थांबलेलाच होता," म्हणाला. ज्याची भीती वाटत होती तेच झालं होतं.

भालूदादा नवापूरचा, मी सांगलीकडची. बोईसरच्या एकाच कारखान्यात आम्ही कामाला. तो गावाहून सायकल मारत यायचा, मी माझी सायकल घेऊन नाक्यावर त्याला गाठायची; त्या दिवशी तेवढी एकटीच पुढे आले होते. बापजादे मासेमारी करणारे. दर्यात मासळी उरली नाही म्हणून हा कारखान्यात आला, पण डोकं बंदरावरच राहिलेलं. सिग्नल लाल झाला की डावा पाय टेकून उभा. मागून रिक्षावाले बोंबलायचे, "अरे चाचा, साइकिल को कौन रोकता है?" हा ढिम्म! मला म्हणायचा, "बावटा लागलाय, बाय. होडी काढाची नाय." वादळाचा बावटा बंदरावर चढला की त्याचा बाप दर्याकडे पाठ करून जाळी विणत बसायचा म्हणे. मी मेली उतावळी. सटकायची आणि पलीकडे उभी राहून त्याच्या नावानं खडे फोडायची. हिरवा झाला की तो घंटी एकदाच वाजवायचा, होडी सुटल्यासारखी, आणि हसत यायचा.

एकदा टँकर त्याच्या मडगार्डपासून वीतभर अंतरावर थांबला. ब्रेकचा तो आवाज... ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "मुझे लगा तू निकल जाएगा!" भालूदादानं शांतपणे खांबावरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. पुढे गेल्यावर मी भांडलेच. "दादा, दर्यावर बावटा लागला की सगळ्या होड्या थांबतात. इथं तुम्ही एकटे थांबता! मागच्यानं तुम्ही जाणारच असं धरलेलं असतं."

"बावटा त्याला बी दिसतो ना?"

"दिसतो हो, पण तो मानतो कुठं?"

तो म्हणाला, "आमची पोर मानसी बी आता सायकलनं कॉलेजला येते, बाय. ती माजंच बगून शिकणार ना?" त्या दिवसापासून मागून टँकरचा हॉर्न आला की मी पलीकडून ओरडायची, "दादा, कडेला घ्या!"

पोलिसांसमोर ड्रायव्हर तेच बोलला म्हणे, "मुझे लगा निकल जाएगा." तो टँकर वेगळा, माणूस वेगळा, वाक्य तेच. आणि नवापूरला भेटायला गेले तर अंगणात एक गृहस्थ सांगत होते, सायकलवाला कधी सिग्नलला थांबतो काय, उगाच नियम पाळत बसला. मस्तकात तिडीक गेली माझ्या. म्हणजे जीव गेला त्याचा आणि चूकही त्याचीच! वाट्टेल ते बोलले मी त्यांना. तेवढ्यात वहिनीनं मला आत नेलं, हात घट्ट धरला. "बाय, तू सांग मानसीला. ती बी थांबते. थांबू नको सांग तिला..." काय सांगू? थांब म्हणावं तर बापाची गत, जा म्हणावं तर समोरून आडवा येणारा ट्रक. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते असं.

आता मानसी माझ्याबरोबर येते. दादाच्या सायकलीचा चक्काचूर झाला, घंटी तेवढी शाबूत राहिली. ती तिनं आपल्या हँडलला लावून घेतली आहे. लाल झाला की ती डावा पाय टेकते, अगदी तस्साच. "बावटा, मावशी," म्हणते. मीही थांबते आता. पण तिच्या मागे सायकल आडवी घालून, सिग्नलकडे पाठ करून. टँकर येत असतो. आधी नुसता हॉर्न, मग काच, मग काचेमागचा माणूस. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहते. तो मनात "निकल जाएगा" म्हणत असेल तर मला ते आधी दिसायला हवं. सिग्नल हिरवा झालेला मला दिसत नाही. पाठीमागे घंटी वाजेपर्यंत मी मान वळवत नाही.