शिट्टी थांबेपर्यंत

दत्ताचा फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात एका आजोबांचे कान तपासत होते. "आक्का, दादा गेलं. तू येस्तवर थांबतो, पर लवकर ये." दादा म्हणजे त्याचे वडील, माझे मामा. औंधजवळच्या गावचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. मी तपासणी पुरी केली आणि गाडी काढली. वाटेत रडले नाही... मामांना दिलेला शब्द कसा पाळायचा, याचाच विचार करत होते.

तीन वर्षांपूर्वी दत्ताच त्यांना माझ्याकडे घेऊन आला होता. "ह्यांच्या डाव्या कानात शिट्टी वाजती म्हणं. म्हातारं खुळावलंय." मामांनी त्याला बाहेर बसवलं. उजवा कान तोफांनी केव्हाच संपवला होता. डाव्यात मी बारीक माइक बसवला आणि पडद्यावर एक रेघ ताठ उभी राहिली. शिट्टी खरी होती. कानातून बाहेर येत होती.

मी त्यांना सूक्ष्मदर्शकातलं चित्र दाखवलं. आतल्या कानात केसपेशींच्या रांगा असतात, एक आतली, तीन बाहेरच्या. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर ताठ केसांचा झुपका; आखूड केसाचं टोक शेजारच्या लांब केसाला धाग्याने बांधलेलं. आवाज आला की केस कलतात, धागे ताणले जातात. बाहेरच्या पेशी तर स्वतःच आखडतात, लांबतात, आणि कधीकधी आजूबाजूला काही वाजत नसतानाही त्यांच्यातून आवाज निघतो.

मामा बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे मी झोपलो तरी ह्या जाग्याच?"

"हो."

"आन मेल्यावर?"

"रक्त थांबलं की थोड्या वेळात त्याही थांबतात."

"मग शिट्टी थांबल्याबिगर मला उचलू दिऊ नगंस, पोरी. आत कोन जागं आसंल तर..."

मी हो म्हटलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मामांना जाऊन चार तास झाले होते. मी सगळ्यांदेखत वाकून माझा डावा कान त्यांच्या डाव्या कानाला लावला. गार. आणि बारीक, सरळ शिट्टी...

"आक्का, माणसं खोळंबल्यात."

"थांब जरा."

दहा मिनिटं मी तशीच वाकून होते. शिट्टी थांबेना. चार तासांनी हे शक्यच नाही, हे मला ठाऊक होतं. मी उठले आणि म्हणाले, "उचला."

महिन्याभराने, पेशंट नसताना, मी तोच माइक स्वतःच्या कानात बसवला. इतक्या वर्षांत कधी बसवला नव्हता. डाव्या कानात रेघ उभी राहिली. शेजारी मामांची फाइल उघडली. रेघ त्याच जागी, म्हणजे सूरही तोच. अशी शिट्टी रक्ताच्या नात्यात चालत येते. म्हणजे त्या दिवशी ऐकलं ते माझंच, असं मानून मी मशीन बंद केलं.

फक्त, माझी शिट्टी मला त्या दिवसाआधी कधी ऐकू आली नव्हती. त्यानंतरही आलेली नाही.