रेशमाचा किडा आणि पुठ्ठ्यावरचे सूर

त्या हिवाळ्यात ड्युटी संपली तरी मी लगेच घरी जायचे नाही. आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडीत बसून राहायचे. नवरा नोकरीसाठी कॉर्कला, तो शुक्रवारी उगवणार. घरी आई आणि चार वर्षांची लेक. दार उघडलं की कुणाला ना कुणाला माझ्याकडून काहीतरी हवंच असणार, या विचारानेच मी गळून जायचे.

त्या दहा मिनिटांत मी लायब्ररीतून आणलेल्या जुन्या चिनी कविता इंग्रजीत वाचायचे. चिनी का, तर त्या लहान होत्या. कादंबरीएवढं त्राण उरलंच नव्हतं. कवितेत एखादा डोंगर, एखादी नाव, बर्फात उभं पाइनचं झाड, आणि माणूस कुठेतरी कोपऱ्यात. प्रेम आहे असं कुणी म्हणत नाही. बदकं उडून जातात आणि आपल्याला कळतं. रेशमाचा किडा मात्र माझा लाडका. आतलं सगळं सूत काढून देणारा, बदल्यात काही न मागणारा. वाचताना माझे डोळे भरून यायचे, कारण तो किडा म्हणजे मीच, याबद्दल मला जराही शंका नव्हती. थकलेल्या माणसाला स्वतःची कीव फार पटकन येते.

आई तीन महिन्यांच्या व्हिसावर दुसऱ्यांदा आली होती. चौसष्टाव्या वर्षी तिने येवल्यात हार्मोनियमचा क्लास लावला होता. पहिली परीक्षा मी बोलावलं म्हणून बुडाली. ‘पुढच्या वेळी देईन की,’ एवढंच म्हणून ती विमानात बसली. आता ती परत जाणार होती, आणि लेकीला सांभाळायला कुणी मिळत नव्हतं. मी एप्रिलपासूनच्या तिसऱ्या व्हिसाचा फॉर्म भरून ठेवला होता, आमंत्रणाच्या पत्रासकट. तिला विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आईला काय विचारायचं!

रविवारी दुपारी ती कणीक मळत होती. मी कौतुकाने तिला रेशमाच्या किड्याबद्दल सांगितलं, चिनी कवींनी त्याच्या त्यागाचं कसं सोनं केलंय ते.

‘त्याग कसला?’ ती म्हणाली. ‘मामाने तुती लावली होती ना तुझ्या, मी पाहिलंय. तो काही आपल्यासाठी विणत नाही. त्याला पंख फुटायचे असतात, म्हणून कोष करून आत बसतो. बाहेर आला तर धागा तुटतो, म्हणून लोक आधीच उकळत्या पाण्यात घालतात.’

‘आई, कविता आहे गं ती.’

‘असू दे. पण किड्याला कुणी विचारलं होतं का?’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने कणकेचा गोळा झाकला आणि पोळपाट काढायला सांगितलं. मी प्रेसचं, म्हणजे इथल्या बोलीत कपाटाचं, दार उघडलं. पोळपाटामागे सीरियलच्या खोक्याचा एक लांब पुठ्ठा उभा होता. माझ्याच मार्करने त्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आखल्या होत्या, खाली बारीक अक्षरात सा, रे, ग. मधल्या पट्ट्यांवरची शाई बोटांनी पुसट झाली होती.

‘दॅट्स आजीज पियानो,’ लेक म्हणाली. ‘यू हॅव टू सिंग इट युअरसेल्फ.’

आई पोळपाट पुसत राहिली. ‘ती झोपली की बसते जरा. बोटं विसरतात,’ असं म्हणताना ती चोरी पकडल्यासारखी ओशाळली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘परीक्षा कधी आहे?’

‘मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. सकाळी दहाला.’ विचार करायला तिला क्षणही लागला नाही.

मी आत जाऊन फॉर्म आणि पत्र आणलं, तिला दाखवलं आणि म्हटलं, ‘हे मी पाठवणार होते. आता नाही पाठवत. तू येवल्यातच राहा, परीक्षा दे.’

‘आणि पोरीचं?’

‘आम्ही बघू.’ कसं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर ती ‘छे, मी येते की’ म्हणेल, याची मी वाट पाहत होते. जन्मभर ती तेच म्हणत आली होती. ताटात शेवटची पोळी उरली तरी ‘मला नको’ म्हणणारी बाई. तिने तवा ठेवला. पहिली पोळी लाटली. पोळी टम्म फुगली, उलटली, उतरली, तरी ते ‘छे’ काही आलं नाही.

दुसरी लाटता लाटता म्हणाली, ‘तो पुठ्ठा माझ्या बॅगेत सपाट ठेव हं. दुमडू नकोस.’