दिवा लागतो, ही तक्रार

रस्त्यावरचा दिवा लागत नाही, ही तक्रार मी नोकरीत किती वेळा ऐकली याची गणती नाही. दिवा लागतो, ही तक्रार घेऊन आलेला माणूस मात्र एकच भेटला. नव्वदीची सुरुवात होती, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. नवीन पनवेलच्या आमच्या वीज कार्यालयात माझ्या टेबलासमोर एक किडकिडीत गृहस्थ टोपी हातात धरून उभे होते. अर्जात सुवाच्य अक्षरात दोनच ओळी: ‘खांब क्रमांक बेचाळीसवरील दिवा रोज संध्याकाळी लागतो. तरी तो चार रात्री बंद ठेवण्याची कृपा व्हावी.’ आमच्या कारकुनाने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळं कार्यालय हसलं. मीही हसलो. गृहस्थ हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. “सावकाश वाचा, साहेब,” एवढंच म्हणाले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकावर बसून राहिले.

ते कादिरभाई. धंद्याने घड्याळजी. मूळचे उरणकडचे कोकणी मुसलमान. नऊ वर्षं आखातात घड्याळांचीच कामं करून परतले होते. जुन्या पनवेलात एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेची पेटी, टेबलावरचा दिवा आणि एक स्टूल. राहायला आमच्या वसाहतीच्या अगदी शेवटच्या रांगेत, एकमजली घरात. उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा वळ कायमचा उमटलेला होता, त्यामुळे भिंग काढलेलं असलं तरी ते आपल्याला उघडून बघतायत असं वाटायचं.

‘सावकाश’ हा त्यांचा शब्द. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचे, “सावकाश. घाई केली की चाकाचा दात तुटतो, आन् दात काय पुन्हा उगवत नाय.” आणि घड्याळावर विश्वास असा, की रेडिओवर वेळ सांगितली तर आपलं मनगट बघून ते म्हणत, “रेडिओ आज आठ सेकंद मागे हाय.” रेडिओ पुढे-मागे असू शकतो, सूर्यसुद्धा असू शकतो, त्यांनी लावलेलं घड्याळ नाही. या विश्वासाची मी तेव्हा थट्टा करत असे. पुढे त्याच विश्वासाने त्यांचा घात केला आणि त्या घातात माझा हात होता, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो तो संशयाने. दिवा बंद हवा म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असा आमच्या खात्याचा समज. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ एक लाकडी तिवई होती आणि तिच्यावर आखातातून आणलेला छोटा सिनेमाचा कॅमेरा बसवलेला. कॅमेऱ्याखाली पितळी चाकांची उतरंड होती. टेपरेकॉर्डरची मोटर काढून, गजराच्या घड्याळांच्या चाकांतून तिचा वेग उतरवत आणला होता. तासकाटा बारा तासांत एक फेरी मारतो, आकाश चोवीस तासांत. म्हणून तासकाट्याच्या निम्म्या वेगाने कॅमेरा फिरला पाहिजे, हा त्यांचा हिशोब. मोटरचा आस ध्रुवाकडे कलवून ठेवला होता. दर अर्ध्या मिनिटाला एक चित्र, रात्रभर. ती रात्र पडद्यावर पाऊण मिनिटात उलगडणार आणि ज्या ताऱ्यावर कॅमेरा रोखला असेल तो तारा पडद्याच्या मधोमध खिळून राहणार.

मी विचारलं, मधोमधच कशाला? त्यावर त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं.

त्यांची मुलगी सकीना तेव्हा सतरा वर्षांची होती. आखातात असताना ते तिला पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. वाळवंटात काळोख मोठा. कामगारांच्या छपरामागे बसून ते प्रत्येक कॅसेटच्या शेवटी लेकीला आकाश सांगायचे, त्यातही मृग नक्षत्र, त्याच्या पोटातले ते तीन तारे. परत आल्यावर पहिल्याच थंडीत तिला गच्चीवर नेऊन त्यांनी बोट वर केलं, तेव्हा ती कठडा चाचपत उभी राहिली. तिला अंधारात लहानपणापासून काहीच दिसत नव्हतं. परदेशात माणूस जिवाला घोर लावून घेईल म्हणून भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कळवलं नव्हतं. आता तर दिवसाही तिची नजर कडेने मिटत चालली होती. नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसे. मुंबईच्या डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं होतं. वर्ष, फार तर दीड वर्ष.

“पडद्यावरचा उजेड तिला दिसतो, साहेब,” कादिरभाई म्हणाले. “पण शोधायला लावलं तर ती शोधतच राहील. म्हणून मृग तिच्या नजरेसमोर आणून उभा करायचा. नऊ वर्षं मी तिला तारे ऐकवले. तिला वाटायचं, तारे ही ऐकायचीच चीज हाय.”

दिवाळीत केबल जळून दोन रात्री तो सगळा भाग अंधारात होता. त्या दोन रात्रींत त्यांनी वरून नेम धरून कॅमेरा मृगावर रोखून घेतला होता. अंधारात कॅमेऱ्यातून डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून रात्री बरोबर साडेदहा वाजता मृग कुठे असतो याची चाकावर खूण कोरून ठेवली होती. तेवढ्यात मी तत्परतेने केबल दुरुस्त केली. बेचाळीस नंबरचा दिवा पुन्हा थेट कॅमेऱ्यात शिरू लागला. तत्परतेबद्दल साहेबांनी माझं कौतुक केलं होतं, हेही आठवतं.

चार रात्री. खांबाच्या पायथ्याची पेटी उघडून फ्यूज काढायचा आणि सकाळी परत लावायचा, पेचकससुद्धा लागला नसता. मी म्हणालो, विचार करून सांगतो. विचार कसला करायचा होता? स्टेशनवरून बाया उशिरा येतात, काही झालं तर माझ्यावर येईल, वरच्यांना विचारावं का, विचारलं तर लेखी द्यावं लागेल, असं माझं चाललं होतं. कादिरभाई दर आठवड्याला येऊन बाकावर बसायचे. काही मागायचे नाहीत. निघताना म्हणायचे, “सावकाश, साहेब. तुमच्या सवडीनं.” मी एक महिना लावला.

महिन्याने एकदाचा धीर करून मी फ्यूज काढला, ओळीने चार रात्री. दिवा बंद असल्याची तक्रार दुसऱ्याच दिवशी वहीत आली. मी तिच्यापुढे ‘पाहणी केली, दिवा सुस्थितीत’ असं लिहून सही ठोकली आणि आपण फार मोठं धाडस केलं म्हणून खूश झालो. कादिरभाई साडेदहाच्या ठोक्याला चाक खुणेवर आणून मोटर सुरू करत आणि खाली येऊन बसत, कारण गच्चीवर पाऊल वाजलं तरी कॅमेरा हलायचा. अशी दोनच रिळं त्यांच्याकडे होती, तीही परदेशातच धुऊन मिळत. पहिलं रीळ उरणच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर रवाना झालं. ते परत यायला चैत्र उजाडला.

दाखवायच्या दिवशी मला आवर्जून बोलावलं होतं. दारं-खिडक्या लावून भिंतीवर चादर ताणली होती. भाभींनी शिरखुर्मा केला होता. सकीना चादरीसमोर पाट मांडून बसली होती, पाठ ताठ, मान जराही न हलवता, परीक्षेला बसल्यासारखी. सिनेमा दाखवायचं यंत्र घरघरू लागलं. चादरीवर काळोख आला. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी हळूहळू कलंडत गेली, दोन-चार अंधूक ठिपके होते न होते, आणि मधोमध काहीच नव्हतं. पाऊण मिनिट झालं. दुसरी रात्र तशीच, तिसरीही तशीच.

“अब्बा, सुरू झालं का?” सकीनाने विचारलं.

“नाय, बेटा,” कादिरभाई म्हणाले. “रीळ खराब हाय.” आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले. एका पाकिटाच्या पाठीवर त्यांनी रात्रभर आकडे मांडले होते. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. आज साडेदहाला जिथे असतील तिथे उद्या चार मिनिटं आधीच येतात. एका महिन्यात दोन तास. त्यांनी खूण केली त्या रात्रीपासून मी फ्यूज काढला त्या रात्रीपर्यंत मृग दोन तास पुढे निघून गेला होता आणि कॅमेरा त्याने सोडलेल्या रिकाम्या जागेचा रात्रभर इमानाने पाठलाग करत होता.

“मृग वर चढलेला मला दिसला होता, साहेब,” ते म्हणाले. “चारी रात्री दिसला. मला वाटलं, माझाच डोळा चुकतोय. घड्याळ कसं चुकेल?”

मी म्हणालो, कादिरभाई, महिना मी घालवला. त्यांनी मान हलवली. “तुमचा काय कसूर? महिन्याला मी हिशोबात धरायला पाहिजे होतं. उभा जन्म सेकंद मोजले आन् ही चार मिन्टं मला म्हाईत नव्हती.” त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो असतो. मृग तोवर संध्याकाळीच मावळतीला टेकला होता. आता पुढची थंडी येईपर्यंत वाट बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ‘सावकाश’ हा शब्द त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

त्या उन्हाळ्यात सकीनाने वाचणं सोडलं. पावसाळ्यात ती घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालू लागली. दसऱ्याच्या सुमाराला मी आपणहून कादिरभाईंच्या दुकानात जाऊन सांगितलं की या वर्षी अर्ज नको, विचारायलाही नको, अंधार पडला की फ्यूज माझ्या खिशात असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते नुसते “बरं” म्हणाले आणि पुन्हा कामात वाकले. आता काम बिनचूक झालं. रोज चार मिनिटं आधी, हातात कागद घेऊन. मी आठ रात्री दिवा बंद ठेवला. आठ रात्रींत पनवेलात काहीसुद्धा झालं नाही. कुणाचा पाय मुरगळला नाही, कुणाची पर्स गेली नाही. वर्षापूर्वी मी ज्याला भ्यालो होतो ते हे.

दुसरं रीळ श्रावणात परत आलं. तोपर्यंत सकीनाला खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढंच कळत होतं. मी विचारलं, दाखवणार? कादिरभाई म्हणाले, “कबूल केलंय तिला.” चादर ताणली, पाट मांडला, शिरखुर्मा नव्हता. सकीना तशीच ताठ बसली, पण तोंड चादरीच्या जरा डावीकडे होतं. भाभींनी तिची हनुवटी धरून सरळ केली.

आणि चादरीवर मृग आला. मधोमध. चारी कोपऱ्यांचे चार, पोटातले तीन, खालचा धूसर ठिपका. तो तसूभरही हलला नाही. हलत होतं ते आमचं पनवेल. कठडा तिरपा झाला, टाकी उताणी पडत गेली, विझलेला खांब क्रमांक बेचाळीस आडवा होऊन निघून गेला आणि मृग तिथेच. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

“आता सांगा, अब्बा,” सकीना म्हणाली.

कादिरभाईंनी तोंड उघडलं. नऊ वर्षं वाळवंटातून कॅसेटी भरणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सुचेना. यंत्राची घरघर तेवढी चालू होती. मग सकीनाच बोलू लागली, हुबेहूब त्यांच्या सुरात, अडखळायच्या जागाही त्यांच्याच.

“बेटा, आज इथं लय थंडी हाय. समोर तीन तारे हायत, एका रांगेत, दोरी धरून लावल्यासारखे. तू अंगणात जा आन् बघ. मीपण इथून बघतो.”

मग ती आपल्या आवाजात म्हणाली, “मी जायची, अब्बा. दर कॅसेटला जायची. मान वर करून उभी राहायची. सगळं काळं दिसायचं. मला वाटायचं, तुमी सांगता ते हेच.”

रीळ संपून त्याचं टोक फटफट आपटत राहिलं. कुणीच यंत्र बंद करेना, शेवटी मी केलं.

कादिरभाईंनी पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही. पितळी चाकं सोडवून त्यांनी मोटर टेपरेकॉर्डरमध्ये परत बसवून दिली. दुकान चालू होतं, पण कुणी वेळ विचारली तर समोरच्या दुकानातल्या घड्याळाकडे बोट दाखवायचे. मी जाऊन बसायचो. माफी मागायची म्हणून मी कितीदा तोंड उघडलं आणि कितीदा भलतंच काही विचारून उठलो. दोन वर्षांनी एका दुपारी ते दुकानात स्टुलावर बसल्या जागी गेले. समोर उघडलेलं घड्याळ होतं आणि डोळ्याला भिंग तसंच.

दफन आटोपल्यावर संध्याकाळी मी घरी गेलो. भाभी आत बायकांत होत्या. सकीना पुढच्या खोलीत टेपरेकॉर्डरजवळ बसली होती. मी आल्याचं तिला कळलं की नाही कोण जाणे. आवाज अगदी बारीक ठेवला होता, तरी ओळखू येत होता. अंगणात जायला सांगत होता. मी चप्पल न काढताच मागे फिरलो.

बाहेर बेचाळीस नंबरचा दिवा लागला होता. पेटीची किल्ली माझ्या खिशात होती आणि खांबाशी मी बराच वेळ उभा राहिलो, पण आता फ्यूज काढणार तरी कुणासाठी? निवृत्त होईपर्यंत तो भाग माझ्याकडेच होता. दिवा रोज वेळेवर लागायचा. त्याच्याबद्दल पुन्हा कुणाची तक्रार आली नाही.