पाच सह्या, सोळा पानं

आमच्या मेथडिस्ट मंडळीत तिला सगळे कपाटताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे कपाटताई. चर्चच्या मागच्या खोलीत, गायकमंडळाचे झगे टांगलेल्या दांडीशेजारी, पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली एकवीस वर्षं तिच्या गळ्यात होती. गळ्यात दागिना म्हणून तिनं दुसरं काही घातलेलं मला आठवत नाही.

पोटापाण्यासाठी ती चष्म्याच्या दुकानात होती. मालक नंबर काढायचे, पण त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून तेही काम तिच्याकडेच आलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती चाचणीची जड फ्रेम चढवायची, एकामागून एक भिंग सरकवायची आणि विचारायची, "आता? आणि आता?" खोटं बोललेलं तिला लगेच कळायचं. पुष्कळ लोक अंदाजानं अक्षरं सांगतात, म्हणायची, नंबर लागला हे कबूल करायला माणसाला लाज वाटते. आठवड्याचे सहा दिवस ती गावाला वाचायला लावायची आणि सातव्या दिवशी आम्हांला.

मेथडिस्ट माणसं मुळातच नियमाची. दहा-बारा जणांनी एकत्र बसायचं आणि एकमेकांना तोंडावर विचारायचं, तुझ्या जिवाचं कसं चाललंय, ही आमची जुनी रीत. आमच्या स्त्री-मंडळानं तिला वाचनाची जोड दिली होती. कपाटात दोन खण. निळी पट्टी लावलेला आत्मिक वाढीचा, तपकिरी पट्टी लावलेला सामाजिक जाणिवेचा. प्रत्येकीनं वर्षाला दोन्हींतली तीन-तीन पुस्तकं वाचायची. वर्षअखेरीला याद्या भरून वरच्या कार्यालयात पाठवायच्या, मग तिकडून प्रमाणपत्रं यायची. याद्या मी पाठवायचे, कारण चिटणीस मी.

निळी पुस्तकं झपाझप जायची. आत्मा किती वाढला हे मोजायला कोणी येत नाही. तपकिरी पुस्तकांचं तसं नव्हतं. ती कारखान्यातल्या बायांची, वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसांची, बहिऱ्या मुलांची. आणि त्यांच्या बाबतीत ताईचा एक नियम होता, जो वरच्या कार्यालयानं कधीच सांगितला नव्हता. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणारीनं एक वाक्य लिहायचं, मी आता काय करेन, आणि खाली सही. 'पुस्तक फार आवडलं' असं लिहिलेलं ती खपवून घ्यायची नाही. पुस्तकाला काय करायचंय तुमच्या आवडीचं, असं सरळ विचारायची. त्यामुळे रविवारी उपासना संपली की ती दाराशी उभी राहायची आणि निम्म्या बायका बाजूच्या दारानं काढता पाय घ्यायच्या. मीही घेतलाय.

आता ताईच्या घरची गोष्ट. तिला एक धाकटा भाऊ. माल पोचवणारी गाडी चालवायचा. एका दुपारी दारू पिऊन त्यानं गाडी काढली आणि सायकलवरून घरी जेवायला चाललेल्या एका शाळेच्या शिपायाला उडवलं. शिपाई जागीच गेला. भावाला शिक्षा झाली. त्या रविवारी ताईनं मंडळीत सांगितलं, तो कामानिमित्त लांब गेलाय. झालेलं सगळं छापून आलं होतं, एकूण एक माणसाला माहीत होतं. तरी सगळ्यांनी 'बरं झालं, काम मिळालं' म्हणून माना डोलावल्या. पुढची सात वर्षं तो लांबच होता, कोणी चकार शब्द काढला नाही. याला आम्ही तेव्हा भलेपणा समजत होतो.

त्याची पत्रं यायची. ती ताई उघडायची नाही. चष्म्याच्या घरांच्या एका रिकाम्या खोक्यात तशीच टाकायची. हे मला नंतर कळलं. तिसऱ्या वर्षी त्यांची आई गेली, तेव्हाही तिनं त्याला दोन ओळी लिहिल्या नाहीत. पाळकसाहेबांनी तुरुंगात जाऊन निरोप सांगितला.

एकदा वरच्या कार्यालयाकडून तपकिरी खणासाठी शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांवरचं पुस्तक आलं. मळकट कव्हर, बारीक टाइप, जेमतेम दीडशे पानं. ताईनं त्याला पट्टी लावली, नंबर घातला आणि ते अगदी डावीकडे, कपाटाच्या बिजागरीआड ठेवलं. तरी ते चार जणींकडे जाऊन आलं. मागच्या पानावर चार वाक्यं, चार सह्या. त्या वर्षी डिसेंबरात याद्या करताना मी ताईला म्हटलं, सगळ्यांचं झालंय, तुमचंच एक तपकिरी पुस्तक कमी पडतंय. आजवर असं कधी घडलं नव्हतं. आई नुकतीच गेली होती, त्या महिन्यांत तिचं वाचन झालं नव्हतं. ती कपाटाशी गेली, आणि तिनं न वाचलेलं तिथे एकच पुस्तक होतं. ते घेऊन ती माझ्याकडे पाठ करून पाच मिनिटं उभी राहिली. मग माझ्यासमोर आणून ठेवलं. शेवटच्या पानावर तिच्या गोल, सुटसुटीत अक्षरात लिहिलेलं होतं, 'अशा माणसाला मी माझ्या घराचं दार उघडेन.' खाली सही. मी यादीत सहावा आकडा भरला.

त्यानंतर तीन वर्षांनी कपाट दाटीवाटीनं भरलं. पाळकसाहेब म्हणाले, जुनी पुस्तकं तुरुंगातल्या वाचनालयाला देऊ या. आमच्या भागात तुरुंग एकच आहे. ताईनं निमूटपणे गठ्ठा बांधला. सुतळीची गाठ तिनंच मारली आणि ते पुस्तक त्यात होतं.

पुढच्या वर्षी एका रविवारी ती दाराशी उभी न राहता माझ्या बाकाशी आली आणि तिनं माझ्यापुढे एक पोस्टकार्ड धरलं. पाकीट असतं तर खोक्यात गेलं असतं. कार्ड न वाचता कसं ठेवणार? हातात घेतलं की ते वाचून होतंच. भावानं एवढंच लिहिलं होतं:

'ताई, इथल्या वाचनालयात तुझ्या कपाटातलं पुस्तक आलं. शेवटी तू लिहिलेलं वाचलं. मला अठरा तारखेला सोडतायत. अकरापर्यंत पोचेन. तू नको म्हणालीस तर दारातूनच परत जाईन.'

"मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं," ती म्हणाली. "उघडलंसुद्धा नाही. यादी अपुरी राहू नये म्हणून लिहिलं, तेही वरच्या एका वाक्याकडे बघून."

मी म्हटलं, होतं असं. त्यावर तिनं माझ्याकडे दुकानातल्या नजरेनं पाहिलं. दुसरं बोलण्यासारखं माझ्यापाशी होतं, पण मी मूग गिळून बसले.

मग तिनं विचारलं, अठराला तुम्ही याल का? त्याला आत घेईन की नाही, माझं मलाच सांगता येत नाही, कोणीतरी असलेलं बरं. मी हो म्हटलं. आमची तीस वर्षांची ओळख, आणि तोवर मी तिच्या घराची पायरी चढलेली नव्हते.

घर दोन खोल्यांचं. खिडकीशी टेबल, त्यावर दुकानातून बाद झालेली चाचणीची फ्रेम आणि भिंगांची लाकडी पेटी. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांचे नंबर ती घरीच बघायची. मी साडेदहाला पोचले तेव्हा ती पेटीतली भिंगं एकेक करून पुसत होती. पुसलेलीच परत पुसत होती. बसा म्हणाली नाही, मी आपली बसले.

"शेवटच्या आठवड्यात आईनं त्याचं नाव चारदा घेतलं," ती अचानक म्हणाली. "माझं एकदाही नाही. तिची बेडपॅन मी काढत होते. चिटणीसबाई, त्या शिपायासाठी मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण मी दार बंद केलं ते त्या शिपायासाठी नाही. मंडळीत कोणी विचारलं असतं तर हे मी सांगितलं असतं."

कोणी विचारलं नव्हतं. जिवाचं कसं चाललंय, हे आम्ही दर आठवड्याला विचारत होतो आणि ती 'देवाच्या कृपेनं बरं' म्हणत होती.

अकराला पाच मिनिटं असताना दार वाजलं. ती उठली नाही. हातातलं भिंग तिनं पेटीच्या खाचेत ठेवलं, मग दुसरं उचललं. दार पुन्हा वाजलं नाही. मला वाटलं, संपलं, गेला तो परत. मी उठणार एवढ्यात तीच उठली आणि दाराशी जाऊन कडी काढली.

तो जिन्याची एक पायरी उतरून उभा होता. कानशिलं पांढरी झालेली, खांद्याला कापडी पिशवी. तिनं दार पुरतं उघडलं नव्हतं, हात चौकटीवर होता.

"आधी सांगते," ती म्हणाली. "मी ते पुस्तक वाचलेलं नाही."

"माहीत आहे मला."

त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. तिथं त्याच्याशिवाय कोणी ते मागत नव्हतं, म्हणून जाताना त्यालाच देऊन टाकलं होतं. त्यानं ते मधे उघडून तिच्यापुढे धरलं. मी उठून तिच्या मागे जाऊन पाहिलं. काही पानांच्या वरच्या कडा करवतीनं कापल्यासारख्या दातेरी होत्या.

"तेहेतीस ते अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "छापखान्यातून आली तशीच वरून जोडलेली होती. मी चमच्याच्या दांड्यानं सोडवली. सोळा पानं बंद, आणि मागे पाच सह्या."

ताईनं ते पुस्तक हातात घेतलं. सोडवलेल्या पानांच्या कडांवरून बोट फिरवलं. तिच्या कपाटातलं पुस्तक, तिनं पट्टी लावलेलं, पाच जणींनी वाचलेलं.

"मग आलास कशाला?" तिनं विचारलं.

"वाचलं नव्हतंस, पण लिहिलं तर तूच ना." तो म्हणाला. "आणि खोटं लिहायचं तर दुसरंही लिहिता आलं असतं."

त्यानंतर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आपण कोण, असं विचारलं. ताईनं सांगितलं, मंडळाच्या चिटणीस. त्यानं पुस्तक तिच्या हातून घेतलं, शेवटचं पान काढलं आणि ते हात लांब करून धरलं. आधी मला वाटलं, तो ते मला दाखवतोय. तो वाचत होता. " 'अशा एखाद्या कुटुंबाला मी भेटायला जाईन.' तिसरी सही, खाली 'चिटणीस' लिहिलंय. ही तुमची ना?"

माझीच होती. मी ते पुस्तक घरी नेलं होतं, आठवडाभर उशाशी ठेवलं होतं आणि वाक्य लिहून परत दिलं होतं. लिहिताना असं कुटुंब माझ्या डोळ्यांपुढे आलंच नव्हतं असं मी म्हणणार नाही. आलं होतं. ते दोन गल्ल्या पलीकडेच राहत होतं, आणि मी त्याला बाजूच्या दारानं चुकवत होते.

"आलात ना शेवटी," तो म्हणाला. टोमणा मारायचा म्हणून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

ताईचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या लांब केलेल्या हाताकडे पाहत होती.

"कधीपासून असं धरून वाचतोस?"

"दोनेक वर्षं झाली असतील. तिथे उजेडही कमी असतो."

"उजेडाचा दोष नाही. नंबर लागलाय तुला," ती म्हणाली आणि चौकटीवरचा हात काढून बाजूला झाली. "ये. खिडकीशी बस."

तो आत आला. पिशवी कुठे ठेवावी ते न कळून त्यानं ती मांडीवर घेतली. तिनं त्याच्या नाकावर ती जड फ्रेम चढवली, कानामागे नीट बसवली. बसवताना तिचा हात त्याच्या पांढऱ्या कानशिलाशी क्षणभर रेंगाळला. मग भिंगं सुरू झाली. आता? आणि आता? तो म्हणाला, ताई, समोर वाचायला काहीतरी तर ठेव. जवळचं वाचायचा तक्ता दुकानात राहिला होता. पुस्तक टेबलावरच होतं, मला वाटलं ती तेच उघडेल.

ती आतल्या खोलीत गेली आणि एक खोकं घेऊन आली. त्यात पाकिटं होती, सगळी बंद. अगदी तळातलं तिनं काढलं, कडेनं फाडलं आणि आतला कागद न पाहता त्याच्यापुढे धरला.

मी उठले. घरच्यांच्या मधे आपण कशाला, असं काहीतरी पुटपुटले.

"बसा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "भेटायला जाईन म्हणून लिहिलंय ना? मग बसा."

मी बसले. त्यानं स्वतःचं अक्षर ओळखलं होतं. त्या गोल भिंगांमागे त्याचे डोळे मोठे दिसत होते. तिनं डावं भिंग काढून दुसरं घातलं.

"आता दिसतं?"

"दिसतं."

"मग मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "पहिल्यापासून."