उसना फ्रीज आणि गुप्तदान

आमचं काम बघायला पुण्याहून निघालेल्या मॅडमची गाडी मोडनिंबच्या पुढं आल्याचा फोन आला, तेव्हा फ्रीज आमच्या ऑफिसच्या दारात अडकला होता. आतून मी ओढत होतो, बाहेरून आमचे अध्यक्ष आप्पा ढकलत होते. म्हणजे ढकलत असल्याचा आवाज काढत होते.

"सचिव, जरा तिरका करा की!"

"तिरकाच आहे, आप्पा. दार सरळ आहे ही अडचण आहे."

ऑफिस म्हणजे मंद्रूपच्या पेठेतली एक खोली. फ्रीज शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याचा, संध्याकाळपर्यंत उसना. आणि मी म्हणजे बँकेतून निवृत्त होऊन समाजसेवेत शिरलेला, एका छोट्या संस्थेचा सचिव, टायपिस्ट आणि गरज पडली तर हमाल.

आमची संस्था शेळ्या-मेंढ्यांचं लसीकरण करते. करते म्हणजे महादेवीबाई करतात. त्या आमच्या पशुसखी. पशुसखी म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडून लस टोचायला शिकलेली गावातलीच बाई. महादेवीबाई मेंढपाळाच्या घरातल्या. जनावर धरायचं कसं हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. वस्त्यांवर त्यांना लशीवाली अक्का म्हणतात. संस्था त्यांना मानधन देते, तेही कधी वेळेवर, कधी माफी मागून.

लशीची अडचण अशी की ती थंड ठेवावी लागते. एकदा गरम झाली की ती टोचणं आणि पाणी टोचणं सारखंच. आमच्याकडे फ्रीज नव्हता. महादेवीबाई दर वेळी सोलापूरला जायच्या, बर्फाच्या डब्यात लस घालून एसटीनं परत यायच्या आणि बर्फ विरघळायच्या आत जमेल तेवढ्या वस्त्या उरकायच्या. उन्हाळ्यात लांबच्या वस्त्या राहूनच जायच्या.

म्हणून मी कम्युनिटी फाउंडेशनकडे अर्ज केला. आपल्या भागातून बाहेर जाऊन बरं चाललेले लोक भागासाठी निधी एकत्र ठेवतात आणि आमच्यासारख्या लहान संस्थांना त्यातून मदत देतात, ते कम्युनिटी फाउंडेशन. अर्जाला प्रपोजल म्हणतात. त्यात मी दोनच गोष्टी मागितल्या होत्या. लशीसाठी फ्रीज आणि महादेवीबाईंचं मानधन. आमची गंगाजळी आटत आली होती. हे ग्रँट मिळालं नाही तर बाईंचं काम थांबणार होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

प्रपोजल मात्र मी झकास लिहिलं होतं. एसटीत मांडीवर डबा घेऊन बसलेल्या महादेवीबाई, वितळणारा बर्फ, वाट बघणारी वस्ती. आप्पांना वाचून दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला. फाउंडेशनलाही आवडलं असावं, कारण साइट व्हिजिट ठरली. साइट व्हिजिट म्हणजे कागदावर लिहिलंय ते जागेवर आहे का, हे अधिकारी येऊन बघतात.

आता आमच्याकडे कुणी बघायला येणार म्हटलं की एकच प्रकार ठाऊक आहे. मुलगी बघायला येतात तो. शेजारच्यांचे कप येतात, समोरच्यांच्या खुर्च्या येतात, भिंतीला चुना लागतो. आम्ही तसंच सुरू केलं. फ्रीजचा विषय निघाला तो पाण्यावरून.

"सायेब, बाई पुन्याच्या," महादेवीबाई म्हणाल्या. "ह्या उन्हात येनार. माठातलं पानी कसं द्यायचं?"

"बिसलेरी आणू."

"ती बी गरमच की."

मग आप्पांना कोल्ड्रिंकवाला आठवला. मलाही ते पटलं. बँकेत जन्म काढलेला, कागदाला कागद ताडून बघणारा मी. आपण ज्या बाईकडे फ्रीज मागतोय, तिच्यासाठीच फ्रीज आणून ठेवतोय, हे डोक्यात आलंच नाही. सगळं लक्ष पाणी गार होतंय का याच्याकडे.

शेवटी दाराची एक फळी काढली आणि फ्रीज आत आला. महादेवीबाईंनी तो पुसला. नवी वस्तू उंबऱ्याच्या आत आली म्हणून त्याला हळदीकुंकू लावलं आणि वर दोऱ्याचं विणलेलं कव्हर घातलं. फ्रीज नवरीसारखा दिसू लागला.

मॅडम आल्या. तरुण, साध्या, पायांत चपला. आप्पांनी शाल, श्रीफळ आणि सोलापुरी चादर पुढं केली. मॅडमनी हात जोडले.

"भेट घेणं आमच्या पॉलिसीत बसत नाही हो."

"मॅडम, ही भेट नाही, चादर आहे," आप्पा म्हणाले.

मॅडम हसल्या. चादर घेतली नाही, पाणी घेतलं. ग्लासाला बाहेरून दव धरलं होतं. त्यांनी ग्लासाकडं बघितलं, मग मागं वळून बघितलं.

"अरे वा, फ्रीज आहे तुमच्याकडे?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. फ्रीज तेवढा गुरगुरत होता.

"उसना आहे, तुमच्या पाण्यासाठी आणला." एवढंच बोलायचं होतं. पण लग्नाच्या बैठकीत "ह्या खुर्च्या शेजारच्यांच्या" असं कोण म्हणतं?

"आहे की," मी म्हणालो. "छोटासा."

"पण प्रपोजलमध्ये तर नाही म्हटलंय."

"त्यानंतर आला. म्हणजे... एका देणगीदारानं दिला."

"कोण? त्यांचं नाव रिपोर्टमध्ये घालते."

"त्यांना नाव नको आहे," मी म्हणालो. "गुप्तदान."

माझ्या प्रसंगावधानाचं मलाच कौतुक वाटलं. आप्पा खोकले. मॅडम महादेवीबाईंकडे वळल्या.

"म्हणजे ताई, आता लस इथंच ठेवता का? बर्फाची धावपळ संपली?"

महादेवीबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी "न्हाय" म्हटलं असतं तर मी तिथंच तोंडघशी पडलो असतो आणि त्यांचं काम वाचलं असतं. त्यांना हे कळत होतं, असं मला आज वाटतं. त्यांनी पदर सावरला.

"व्हय मॅडम. संपली की. देनारा लई भला मानूस हाय."

"छान झालं," मॅडम मनापासून म्हणाल्या. "म्हणजे मोठा प्रश्न सुटलाच तुमचा."

जेवताना त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं कौतुक केलं. गाडी गेली. आप्पांनी माझी पाठ थोपटली. "सचिव, काय निभावलंत!" संध्याकाळी फळी पुन्हा काढून फ्रीज परत केला.

काही दिवसांनी ईमेल आला. इंग्रजीत होता, नकार असला की इंग्रजी फार मऊ होतं. सारांश असा की आपलं काम स्तुत्य आहे, परंतु ज्या संस्थांकडे मूलभूत साधनं अजून नाहीत त्यांना यंदा प्राधान्य दिलं आहे. आपल्याला स्थानिक देणगीदारांचा आधार आहे, याचा आनंद वाटला.

मी मॅडमना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. दार, फळी, हळदीकुंकू, सगळं. त्या आधी हसल्या. मग थांबल्या.

"काका, हे त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी हसले असते आणि तसंच लिहिलं असतं. पाहुण्यासाठी फ्रीज उसना आणणारी माणसं कमिटीला आवडली असती."

"आता काही करता येईल?"

"कमिटी होऊन गेली. आणि रागावू नका, पण आता प्रपोजलमधलं कुठलं वाक्य खरं धरू, मला कळत नाही."

मी रागावलो नाही. त्यातली सगळी वाक्यं खरी होती, पण हे आता कुणाला सांगणार?

महादेवीबाईंच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. चहा ठेवला.

"तुम्ही खरं का नाही बोललात?" मी विचारलं.

"आन् तुमाला खाली बघायला लावू? बाहेरच्या मानसापुढं?"

"मी पाच मिनिटं खाली बघितलं असतं, बाई."

"तुमी बगितलं असतं," त्या म्हणाल्या. "मला बगवलं नसतं."

मी कप खाली ठेवला. त्यांनी आणखी एक कप ओतला.

आता महादेवीबाई सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर जातात. पगार आमच्यापेक्षा बरा आणि वेळेवर. मी त्याचं समाधान मानायचा प्रयत्न करतो. त्या स्वतः एकदाच म्हणाल्या, "टावेल काय वरडत न्हाईत सायेब, करमत न्हाय."

नव्या संस्थांची पोरं माझ्याकडे प्रपोजल तपासायला येतात. मी त्यांना सांगतो, साइट व्हिजिटला पाहुण्याला माठातलंच पाणी द्या आणि जे नाही ते नाही म्हणा. तेवढं बोलायला आपली जीभ जड होते, म्हणून आदल्या दिवशी मोठ्यानं सराव करा. पोरांना हा विनोद वाटतो.

वस्त्यांवरून अजून फोन येतात. परवाच एका म्हाताऱ्याचा आला. "अक्का कवा येनार लस घिऊन? मेंढरं शेंबडायला लागल्यात."

"अक्का येणार नाहीत आता," मी म्हणालो. मी शिकलोय नाही म्हणायला.

"का?" त्यानं विचारलं.