मोटारीचं इंजिन, दाजींचं विमान

ते दोन दिवस मला एका जागी बसवत नव्हतं. जेवता जेवता उठायचो, इंजिन बघून यायचो आणि गार झालेली भाकरी चिडचिड करत खायचो. बायको म्हणायची, "अंगात काय शिरलंय तुमच्या?" काय सांगणार, कप्पाळ!

चिंचवडला मुंबई रस्त्यावर माझं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दुसऱ्या महायुद्धात विमानांचे फिटर होते, थोडंफार उडवायलाही शिकलेले. लढाई संपून सातआठ वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यातलं विमान काही उतरेना. शेवटी लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावात त्यांनी दोन माणसं बसतील असं एक विमान उचललं. त्याचं इंजिन खलास, सुटे भाग मिळेनात. मग त्यांनी माझ्यामागे लकडा लावला, मोटारीचं इंजिन बसव. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढलो.

चार सिलिंडरचं इंजिन बसवलं, इंजिनाचं पाणी गार करणारा रेडिएटर विमानाच्या पोटाखाली टांगला. थेरगावच्या माळावर विमानाची शेपटी बाभळीला दोरखंडानं बांधली आणि फुल रेस दिली. पाणी उकळायला लागलं तसं मी ओलं गोणपाट रेडिएटरवर घातलं, वरून बादल्या ओतल्या. खंडाळ्याचा घाट चढताना ट्रकवाले हेच करतात, हाताला सवयच ती. अर्धा तास इंजिन चाललं. मी हात पुसत म्हणालो, "दाजी, पास." त्यांनी मला मिठीच मारली. परवा सकाळी उडवायचं ठरलं.

बहीण ताक घेऊन आली होती. तिला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आन् वर गेल्यावर पानी कोन टाकनार रं?"

घाटात गाडी कडेला घेता येते, वर कुठली कड? तरी मी गप्प राहिलो. एकदा पास म्हटलेलं इंजिन नापास कुठल्या तोंडानं म्हणायचं? असा मी मेला मानी.

त्या सकाळी दाजी इस्त्रीचे कपडे घालून आले. बहिणीच्या हातात नारळ होता आणि ती माझ्याकडेच बघत होती. मी विमानाच्या पंख्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "पाणी न टाकता दहा मिनिटं चालवा, मग जा."

"आरं, वर गार वारं असतंय. जमिनीवरचं काय धरून बसलास?"

त्यांचं बरोबरही असेल, मला आजही छातीठोक सांगता येत नाही. पण मी हटलो नाही. त्यांनी शिव्या घातल्या, मी खाल्ल्या. शेवटी शेपटी पुन्हा बांधली.

सहाव्या मिनिटाला इंजिन तापून त्याच्या सांध्यातलं गॅस्केट फाटकन उडालं. वाफेत काही दिसेना. माझ्या हातानं बांधलेलं इंजिन गेलं आणि मी मातीत बसून सुखानं रडलो.

दाजी खाली उतरले. "तुला कधीपास्नं ठावं होतं?"

"परवापासून."

पुढं वर्षभर दाजी माझ्याशी बोलले नाहीत. भाऊबीजेला बहिणीबरोबर आले, खाली मान घालून जेवायला बसले. मी आग्रह करकरून वाढत होतो, ते हातानं नको म्हणत होते. मला तेवढं पुरत होतं. माणूस पाटावर बसून जेवत होता.